गर्दीचा इतिहास : मोहल्ल्यापासून सेक्टरपर्यंत

मुसलमानांच्या वस्तीविषयी मराठी वर्तमानपत्रांत काही लिहून आले की एक विशेषण हमखास सोबत येते, 'दाट लोकवस्तीचा'. डोंगरी दाट लोकवस्तीची, मुंब्रा दाट लोकवस्तीचा, मालेगाव आणि भिवंडीही तशीच. हे विशेषण इतक्या वेळा वाचनात येते की दाटी हा जणू आपल्या समाजाचा स्वभावच असावा, असे आपल्या मुलांनाही वाटू लागते. मात्र दाटी स्वभावातून येत नाही. कोणाची तरी जमीन जाते, कोणाला तरी ती मिळते, एखादा कायदा होतो, भाडे ठरते, रेल्वे सुरू होते आणि मग एका जागी माणसे जमतात. प्रत्येक गर्दीमागे असा हिशेब असतो आणि तो तारीख-वारासह सांगता येतो.

या लेखात मी ज्या वस्तीचा हिशेब मांडणार आहे तिथे मुसलमानांची संख्या फार नाही. ती वस्ती म्हणजे नवी मुंबईतील कामोठे. शीव-पनवेल महामार्ग आणि हार्बर रेल्वे यांच्या आसपास वसलेले, एका बाजूला पनवेलची खाडी असलेले हे उपनगर. मानसरोवर आणि खांदेश्वर ही त्याची दोन स्थानके. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात गाडी रिकामी झाली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि त्या गर्दीतले बहुतेक चेहरे पस्तिशीच्या आतले असतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र आणि मराठी शिकवते आणि काही वर्षांपासून इथेच भाड्याने राहते. स्थानिक इतिहासाचा विषय निघाला की वर्गातली मुले एकच वाक्य बोलतात, "टीचर, यहाँ तो पहले कुछ था ही नहीं." हे वाक्य मुलांचे एकट्यांचे नाही. इथे राहणारे शिकलेसवरलेले लोकही तसेच मानतात. ज्या जागी 'पहले कुछ नहीं था', त्या जागेविषयी कोणाला आपुलकी वाटणार? म्हणून आधी काय होते आणि आजची गर्दी कुठून आली, हे नीट सांगणे मला गरजेचे वाटते.

जुन्या मोहल्ल्यांची दाटी

सुरुवात मुंबईपासून करू, कारण दाटी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तेच मोहल्ले येतात. मुंबईची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली. एका जुन्या तळ्यावर ती उभी आहे आणि वुजूसाठी त्याच तळ्याचे पाणी आजही वापरले जाते. तिचा कारभार कोकणी मुसलमानांच्या जमातीकडे राहिला. जहाजे चालवणारे नाखुदा, व्यापारी, खलाशी अशी ही मंडळी बंदराच्या जवळ राहणार हे उघडच होते. डोंगरी, मांडवी, भेंडीबाजार इथली वस्ती बंदराच्या कामातून वाढली. माल उतरवणारा, दोर वळणारा, नानबाई, दर्जी, खानावळवाला असे सगळे एकमेकांच्या आधाराने राहिले.

१८९६ साली मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण सापडला आणि सरकारच्या दृष्टीने दाटी हाच रोग ठरला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा खेळावी म्हणून जुन्या वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढण्यात आले, नागपाड्यासारख्या भागांत घरे पाडून नवी आखणी झाली. पाडलेल्या घरांतील गरीब माणसे शेजारच्या गल्ल्यांतच शिरली, कारण काम तिथेच होते. एका ठिकाणची दाटी हटली ती दुसऱ्या ठिकाणी वाढली.

त्यानंतरची मोठी घटना म्हणजे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. या कायद्याचे तोटे पुष्कळ सांगितले जातात. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, इमारती खचल्या, पागडीचा व्यवहार फोफावला. भेंडीबाजारात २००९ नंतर समूह पुनर्विकासाचे काम हाती घ्यावे लागले ते याच खचलेल्या इमारतींमुळे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. या कायद्यामुळे भाडेकरू तीन-तीन पिढ्या एकाच खोलीत टिकला. आजोबांच्या नावाची भाडेपावती नातवाने जपून ठेवली. मोहल्ला म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, म्हणजे एकमेकांच्या मयतीला खांदा देणे, रमजानमध्ये इफ्तारीचे ताट शेजारी पाठवणे, कोणाचा मुलगा कोणत्या वर्गात आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक असणे, ते सारे या टिकण्यातून आले. दाटी त्रासाची होती आणि टिकाव मोलाचा होता. दोन्ही एकाच खोलीत नांदले.

१९९२-९३ च्या दंगलींनी हे चित्र बदलले. सुमारे नऊशे माणसे मारली गेली आणि हजारो कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडून मुंब्र्याची वाट धरली. मुंब्र्याच्या दाटीचा इतिहास भीतीचा आहे. कामोठ्याच्या दाटीचा इतिहास वेगळा आहे आणि तो आपण सहसा ऐकलेला नसतो.

आगर, खार आणि बंदर

कामोठे हे खाडीकाठचे जुने गाव आहे. शेजारी जुई गाव. या पट्ट्यातील मूळ वस्ती प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाजाची. 'आगर' म्हणजे मिठागर आणि त्यावरून आगरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत खारी जमीन भाताखाली आणायची, हे काम पिढ्यान् पिढ्या चालले. बांध एकट्याचा नसतो. भरतीच्या वेळी त्याला खांड पडली तर साऱ्या गावाची शेती खारट होते. म्हणून रात्री-अपरात्री अख्खे गाव माती टाकायला धावत असे. 'यहाँ कुछ नहीं था' असे आपण ज्या जागेला म्हणतो ती जागा माणसांनी समुद्राकडून ओंजळी-ओंजळीने मिळवलेली होती.

पलीकडे पनवेल हे बंदर होते. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तिथून घाट चढे. हा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. या गावात कोकणी मुसलमान, कच्छी, मोमीन, बेने इस्रायल, गुजराती असे सारे राहिले. कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला, मोमीनपाडा, मुसलमान नाका ही नावे आजही पनवेलकरांच्या तोंडी आहेत. तळोजे पाचनंदसारख्या गावात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे.

इथे एका शब्दाचा उल्लेख करावासा वाटतो. आपल्याकडे जहाजाच्या प्रमुखाला नाखुदा म्हणतात. फारसीत 'नाव' आणि 'खुदा', म्हणजे नावेचा धनी. आगरी-कोळ्यांकडे होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. शब्द एकच आहे. समुद्राने तो दोन्ही घरांत नेऊन ठेवला. या किनाऱ्यावर मुसलमान आणि आगरी-कोळी यांचा संबंध कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जुना आहे, याचा याहून साधा पुरावा दुसरा कोणता द्यावा?

कागदावरचे शहर

जून १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबईची गर्दी कमी करायची असेल तर खाडीच्या पलीकडे जुळे शहर उभारावे. ही कल्पना सरकारने उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. क्षेत्रफळ सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, अपेक्षित लोकसंख्या सुमारे २० लाख. शहराचे १४ विभाग आखले गेले. त्यांना नोड म्हणायची पद्धत पडली आणि नोडच्या आत सेक्टर. कामोठे हा त्यांतला एक नोड. तळोजे पाचनंदही या नकाशात आले, म्हणजे जमीन जाण्याचा अनुभव कोकणी मुसलमान कुटुंबांच्याही वाट्याला आला.

पहिला ठाणे खाडी पूल १९७३ मध्ये सुरू झाला. नकाशा सुबक होता. चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा, बाजार, बाग. १८९८ च्या ट्रस्टप्रमाणेच या नियोजनाचाही मूळ हेतू गर्दी कमी करणे हाच होता. फरक इतकाच की ट्रस्टने जुन्या घरांवरून रेघ ओढली आणि सिडकोने शेतांवरून. शेताला पत्ता नसतो, त्यामुळे नकाशावर ते रिकामे दिसते.

१९८४ आणि साडेबारा टक्के

जमिनीचा मोबदला तुटपुंजा होता. ज्याचे सारे आयुष्य भात, मीठ आणि मासळीवर गेले त्याला रोख रक्कम देऊन मोकळे करणे म्हणजे काय, हे नुकसान सोसणारालाच कळते. रक्कम लग्नकार्यात, आजारपणात, कर्जात संपते आणि जमीन परत येत नाही. या जिल्ह्याला लढ्यांची सवय होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ पासून शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे संप केला होता. याच मातीतून दि. बा. पाटील पुढे आले. १९२६ साली जासई इथे त्यांचा जन्म झाला. ते शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे आमदार आणि पुढे कुलाब्याचे खासदार झाले.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण परिसरात जमीन संपादनाविरुद्ध आंदोलन पेटले. दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. दर वर्षी या दिवशी तिथे अभिवादनासाठी लोक जमतात. नवी मुंबईत घर घेणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते?

या लढ्याचे फळ म्हणजे साडेबारा टक्के योजना. सरकारने ती १९९० मध्ये मंजूर केली आणि १९९४ मध्ये तिच्यात सुधारणा केली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व. ऐकायला किचकट वाटते, म्हणून गुंठ्यांत सांगते. एका कुटुंबाची एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन गेली असे धरू. तिचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून रस्ते, शाळा वगैरे सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कापले की हातात साडेतीन गुंठे उरतात, म्हणजे सुमारे ३,८०० चौरस फुटांचा भूखंड. या भूखंडावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे सुमारे ५,७०० चौरस फूट बांधकाम. त्यातले १५ टक्के दुकानांसाठी. उरलेल्या जागेत साडेचारशे चौरस फुटांची घरे काढली तर दहा-अकरा होतात.

आता हे चित्र पाहा. चार भावांत वाटून आलेला साडेतीन गुंठ्यांचा तुकडा. बांधायला भांडवल नाही. मग बिल्डरशी भागीदारी. काही घरे बिल्डरची, काही जमीनमालकाची. तळमजल्यावर दुकाने, वर वन-आरके आणि वन-बीएचके. शेजारी दुसऱ्याचा तितकाच तुकडा, तशीच इमारत. सिडकोने स्वतः बांधलेल्या मोकळ्या वसाहती ज्या नोडमध्ये आहेत तिथले चित्र वेगळे आहे. कामोठ्याचा मोठा भाग साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभा राहिला आणि म्हणून तो असा खेटून-खेटून उभा राहिला. आपण ज्याला नियोजनाचा अभाव म्हणतो ती खरे तर एका न्यायाची आकृती आहे. अर्धवट, उशिरा मिळालेल्या, कापून दिलेल्या न्यायाची, पण न्यायाची. तो नसता तर मूळ गावकरी शहराच्या बाहेर फेकला गेला असता आणि आपल्यासारख्या पगारदारांना परवडेल असे छोटे घरही या परिसरात क्वचितच मिळाले असते.

तरुणांची वस्ती

घरे उभी राहिली आणि माणसे आली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली आणि त्याच वर्षी कोकण रेल्वेही पूर्ण झाली. खेड, चिपळूण, रत्नागिरीहून नोकरीला येणारा मुलगा पूर्वी दादरला उतरत असे, आता पनवेलला उतरू लागला. जवळच तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा पोलाद बाजार, १९८९ साली सुरू झालेले कामोठ्यातील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय. पुढे नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आले. अंजुमन १८७४ सालची, मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांच्या सावलीत वाढलेली संस्था. तिचे कॅम्पस खांदा गावाजवळ येणे ही आपल्या समाजाच्या स्थलांतराची एक खूणच म्हणावी लागेल.

अशा रीतीने कामोठे तरुणांची वस्ती झाले. नर्सिंगची विद्यार्थिनी, कंपनीतला सुपरवायझर, नुकते लग्न झालेले जोडपे, तीन मुलांनी मिळून घेतलेली खोली. मेस, झेरॉक्सची दुकाने, क्लासेस, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चायनीजच्या गाड्या. मैदान थोडे आणि मुले पुष्कळ, त्यामुळे रस्त्यावरच क्रिकेट. उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकर आणि त्याच्यामागे रांग.

तरुणांचा विषय आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ४१ टक्के लोक २० वर्षांखालील होते. मुसलमानांत हे प्रमाण ४७ टक्के होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे, त्यामुळे यापेक्षा नवा आकडा हाती नाही. २०११ ची ती मुले आता वीस-तिशीत आहेत. त्यांना काम हवे, कामाजवळ घर हवे. ते सारे मोहल्ल्यात मावणार नाहीत. त्यांना सेक्टरमध्येच राहावे लागेल, वेगवेगळ्या धर्मांच्या, जातींच्या शेजाऱ्यांबरोबर. त्या राहण्याची तयारी आपण त्यांच्याकडून करून घेतो का?

अकरा महिने

जुना मोहल्ला आणि सेक्टर यांतला मुख्य फरक गर्दीचा नाही, काळाचा आहे. डोंगरीच्या भाडेकरूला १९४७ च्या कायद्याने पिढ्या दिल्या. कामोठ्याच्या भाडेकरूला अकरा महिने मिळतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला लेखी नोंदणी सक्तीची केली, मुदत कितीही असो. तरी अकरा महिन्यांची जुनी सवय राहिलीच. करार संपत आला की भाडेवाढ, नाही तर नवे घर, नवा दलाल, मुलाच्या शाळेची नवी गाडी. जो माणूस अकरा महिन्यांच्या हिशेबाने राहतो तो शेजाऱ्याचे नाव विचारत नाही, सोसायटीच्या बैठकीला जात नाही, मतदार यादीत नाव घालत नाही. त्याचे नाव गावाकडेच राहते.

मुसलमान भाडेकरूच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती आपण सारे जाणतो. फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितले की ते नुकतेच गेलेले असते. आमच्या कुटुंबालाही घर शोधताना हा अनुभव अनेकदा आला. कुठे सोसायटीचा नियम पुढे केला गेला, कुठे मांसाहाराचे कारण सांगितले गेले, जणू या खाडीकाठच्या गावात मासळी कधी शिजलीच नव्हती. शेवटी घर मिळाले ते गावठाणालगतच्या एका इमारतीत, मूळ गावकरी मालकाकडे. त्यांनी आडनाव विचारले, गाव विचारले, दापोलीकडचे आहोत म्हटल्यावर तिकडच्या बंदरांविषयी दोन गोष्टी बोलले आणि चावी दिली. एका अनुभवावरून सर्वांविषयी अनुमान काढू नये हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे गावठाणात भेदभाव नसतोच असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की ज्याची स्वतःची जमीन 'रिकामी' म्हणून घेतली गेली होती त्याला दुसऱ्याचे बेघरपण समजावून सांगावे लागले नाही.

म्हणूनच आपल्या लोकांनी १९८४ समजून घेतले पाहिजे. घर नाकारले गेल्याचे दुःख खरे आहे, पण आपण ज्या भिंतींत राहतो त्या भिंतींखाली दुसऱ्याचेही दुःख आहे. दोन्ही दुःखे एकमेकांना ओळखू लागली तर शेजार तयार होतो. नाही तर आपण इथे पाहुणे आणि ते उपरे, असा उलटा न्याय चालू राहतो.

विमानाची सावली

हे सारे आताच सांगण्याचे कारण म्हणजे कामोठे पुन्हा एका वळणावर आले आहे. खाडीच्या पलीकडे नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. १,१६० हेक्टर जागा, उलवे टेकडीचे सपाटीकरण, नदीचा वळवलेला प्रवाह आणि दहा गावांचे स्थलांतर. फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक. या वेळी विस्थापितांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. साडेबारावरून साडेबावीसवर जाण्यात त्या पाच हुतात्म्यांचा वाटा आहे. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी मानवी साखळी केली आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तसा ठराव केला.

विमानतळ आला की जमिनीचे भाव वाढतात, त्यामागून भाडी वाढतात. जुन्या इमारती पाडून टॉवर बांधण्याची भाषा सुरू होते. मालकाला त्यात काहीतरी मिळते. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला काय मिळणार? नर्स, शिक्षक, रिक्षावाला, कंपनीतला कामगार, ज्यांनी ही वस्ती पंचवीस वर्षांत जिवंत केली ते निमूटपणे आणखी पुढे सरकतील. त्यांच्या जाण्याची नोंद कुठेच होणार नाही, कारण त्यांच्या असण्याचीही नोंद नव्हती. एका पिढीपूर्वी शेतकऱ्याला हटवताना निदान सातबारा होता. भाडेकरूचा सातबारा कोणता?

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि कामोठे तिच्यात आले. २४ मे २०१७ रोजी तिची पहिली निवडणूक झाली. म्हणजे मैदान, दवाखाना, पाणी, शाळा, दफनभूमी हे प्रश्न मांडायला एक दार आहे. पण दारावर थाप मारायला यादीत नाव लागते. नोंदणी केलेला भाडेकरारही पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो आणि नमुना ८ भरून मतदार यादीतील पत्ता बदलता येतो. आपल्या किती तरुणांनी हे केले आहे? गावातले मत सुटेल या भीतीने आपण तिथेही अधूनमधून आणि इथेही अर्धे राहतो.

शिक्षकाने काय करावे

मी राजकारणी नाही, त्यामुळे माझ्या हातात आहे तेवढेच सांगते. उर्दू माध्यमातील मुलाला बगदाद आणि दिल्ली पाठ्यपुस्तकातून आणि घरातून कळते. त्याला दास्तान फाटाही कळला पाहिजे. नाखुदा आणि नाखवा हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले की मुलांना भाषेचा आणि किनाऱ्याचा इतिहास एकदमच समजतो. साडेबारा टक्क्यांचे गणित सातवीच्या शेकडेवारीत सहज बसते. मी ते करून घेतले आहे. मुलांनी आपापल्या इमारतीत राहणाऱ्या एका वयस्क माणसाला विचारून यावे की इमारतीच्या जागी पूर्वी काय होते, असा गृहपाठ दिला तर उर्दू शाळेतला मुलगा आगरी आजीच्या दारात जाऊन बसतो. तिची बोली त्याला निम्मी कळते, आपली कोकणी तिला निम्मी कळते. तेवढ्यावर संभाषण होते.

आपल्या लेखकांनीही याकडे पाहावे असे मला वाटते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपला प्रश्न होता की मराठीत मुसलमानाचे जगणे कुठे आहे. ते जगणे पुढे पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातला मुसलमान बहुधा गावात किंवा मोहल्ल्यात राहतो. सेक्टरमध्ये, चौथ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या कराराने राहणारा, सकाळी ६.४० ची लोकल पकडणारा मुसलमान तरुण अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. त्याच्या शेजारच्या दारातील सातारचा, जळगावचा, आझमगडचा तरुणही तितकाच न लिहिलेला आहे.

मोहल्ला या अरबी शब्दाचा मूळ अर्थ उतरण्याची, मुक्काम करण्याची जागा असा आहे. म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतही माणसे आधी उतरलीच होती, मग राहिली. उतरलेल्या माणसाला राहू देणारा कायदा, ओळख देणारा शेजार आणि जागेचा इतिहास ठाऊक असलेली मुले, या तीन गोष्टी मिळाल्या तर सेक्टरचाही मोहल्ला होतो. पहिली गोष्ट मागावी लागेल, दुसरी कमवावी लागेल. तिसरी मात्र उद्या सकाळच्या तासाला सुरू करता येते.